कोरफड : रात्रपाळी करणारे झाड

धार, देवास, इंदूर या पट्ट्यात दुकानाच्या किंवा घराच्या चौकटीवर दोऱ्याने उलटी टांगलेली कोरफड हमखास दिसते. दृष्ट लागू नये म्हणून ती तिथे असते. मुळे वर, पाने खाली, मातीचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. तरी ती कित्येक महिने हिरवी राहते. त्याच घराच्या गच्चीवर, काळ्याभोर सकस मातीत, रोज तांब्याभर पाणी पिणारी दुसरी कोरफड मात्र श्रावण संपेस्तोवर बुडातून कुजून आडवी होते. मग घरातले विचारतात : उपाशी ठेवली ती जगली आणि लाड केले ती मेली, हे कसे काय?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर कोरफडीच्या पानात आहे आणि अर्धे माळव्याच्या मातीत. आधी पान पाहू.

१. बंद दारामागचा स्वयंपाक

झाडाला अन्न तयार करायला ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. हा वायू पानावरच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, आत येतो. अडचण अशी की रंध्र उघडले की वायू आत शिरतो आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर निसटते. आंबा, गुलाब, गहू ही मंडळी दिवसा रंध्रे उघडतात, कारण ऊन दिवसाच असते. त्या व्यवहारात पुष्कळ पाणी जाते, ते मुळे भरून काढतात.

कोरफडीच्या माहेरी ही उधळपट्टी परवडणारी नव्हती. लंडनमधल्या क्यू येथील वनस्पतिउद्यानाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये कोरफडीच्या कुळाची वंशावळ जनुकांवरून मांडली, तेव्हा तिचे मूळ अरबी द्वीपकल्पात निघाले. तिथल्या दुपारी रंध्रे उघडी ठेवणे म्हणजे वाळून जाणेच. म्हणून कोरफडीने वेळापत्रक उलटे केले. ती रात्री, हवा गार असताना, रंध्रे उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि त्याचे मॅलिक आम्ल करून पेशींत साठवते. कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देते तेच हे आम्ल. उजाडले की रंध्रे बंद. मग दिवसभर त्या साठवलेल्या आम्लातून वायू मोकळा होतो आणि उन्हाच्या जोरावर त्याची साखर बनते. वैशाखात पहाटेच बाजार उरकून, दिवसभर दारे-खिडक्या लावून आत स्वयंपाक करणारी गृहिणी जे करते, तेच कोरफड करते.

ही युक्ती माणसाच्या लक्षात आली त्यात हिंदुस्थानचा वाटा आहे. बेंजामिन हेन हा दक्षिण भारतात काम करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ. पानफुटीचे पान पहाटे चाखले तर आंबट लागते, दुपारपर्यंत त्याची चव जाते आणि संध्याकाळी ते थोडे कडवट होते, असे त्याला आढळले. हे त्याने पत्राने लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवले, साल १८१३. जिभेवर केलेल्या या निरीक्षणाचा रासायनिक उलगडा पुढे विसाव्या शतकात झाला. शास्त्रज्ञ या पद्धतीला आद्याक्षरे जुळवून ‘कॅम’ म्हणतात. निवडुंग, अननस, ड्रॅगनफ्रूट हे सगळे त्याच पंथातले.

आता चौकटीवरची कोरफड. पाणी अगदीच मिळेनासे झाले की ती रात्रीसुद्धा रंध्रे उघडत नाही. स्वतःच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइडच पुन्हा वापरते. त्यातून वाढ होत नाही, पण जीव टिकतो. पानावर मेणचट साल असते आणि आतल्या गरात शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव भाग पाणी असते. ते पाणी ती बाहेरच्या जुन्या पानांतून काढून मधल्या कोंबाला पुरवते. म्हणून टांगलेल्या झाडाची बाहेरची पाने एकेक करून सुकतात आणि गाभा हिरवा राहतो. दृष्ट निघते की नाही हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा भाग. झाड मात्र तिथे जगत नसते, तग धरून असते. दिवाळीला जुनी उतरवून नवी टांगताना उतरवलेली फेकू नये. कुंडीत लावली तर पुष्कळदा ती पुन्हा मुळे धरते.

२. शब-ए-मालवा

रात्री काम करणाऱ्या झाडाला गार रात्र हवी. रात्र उकाड्याची असली तर रंध्रे उघडताच पाणी जास्त उडते आणि आम्लाची साठवणही नीट होत नाही. इथे माळव्याचे पठार कोरफडीच्या बाजूने उभे राहते. धार आणि देवास समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच आहेत. उन्हाळ्यात दिवसाचा पारा चाळिशी ओलांडतो, पण रात्री वारा सुटतो. ‘शब-ए-मालवा’ची, म्हणजे माळव्याच्या रात्रीची, ख्याती या वाऱ्यावरच उभी आहे. हवाही कोरडी. क्षयाने आजारी असलेले गायक कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला येऊन राहिले ते या कोरड्या हवेसाठीच. फुप्फुसांना मानवणारी हवा कोरफडीलाही मानवते.

धार जिल्ह्यात मात्र दोन हवामाने नांदतात. विंध्याचा कडा उतरून मनावर, कुक्षी, धरमपुरीकडे गेले की निमाड लागते, नर्मदेचे खोरे लागते आणि रात्रही तापलेली असते. तिथे कोरफडीला दुपारनंतर भिंतीची सावली द्यावी. वर धार शहरात तीच कोरफड दिवसभर उन्हात राहिली तरी चालते.

अरबस्तानच्या झाडाने मध्य भारतात येणे आश्चर्याचे नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत आजच्या येमेनमधल्या काने बंदरातून लोबान आणि कोरफडीचा सुकवलेला रस निर्यात होत असल्याची नोंद आहे. त्याच बंदराचा भडोचशी व्यापार होता आणि भडोचला माल येई तो उज्जैनहून, असेही त्यात आहे. उज्जैन ते देवास अंतर चाळीस किलोमीटरही नाही.

३. गव्हाला तारते, कोरफडीला मारते

माळव्याची काळी माती ही दख्खनच्या ज्वालामुखी खडकाची, काळ्या बेसॉल्टची, झीज. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. या खनिजाचे थर पत्त्यांच्या जोडासारखे एकावर एक बसलेले असतात. पाऊस पडला की पाणी थरांमध्ये शिरते, माती फुगते आणि तिच्यातल्या हवेच्या वाटा बुजतात. उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

हा मातीचा दोष म्हणणे अन्याय होईल. विहिरी आणि नलिकाकूप वाढण्याआधी माळव्यातला शेतकरी पावसाळ्यात रान पडीक ठेवी आणि मातीत मुरलेल्या ओलीवरच हिवाळ्यात मालवी गहू पिकवी, एकही पाणी न देता. ओल धरून ठेवण्याच्या या गुणावर इथली शेती पिढ्यान्‌पिढ्या चालली. कोरफडीला तोच गुण नडतो. तिची मुळे मांसल, उथळ, आडवी पसरणारी. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. फुगलेल्या चिकट मातीत हवा संपते, मुळे गुदमरतात आणि त्या कमजोर मुळांवर बुरशी चढते. लोक म्हणतात, पाणी जास्त झाले. खरे म्हणजे हवा कमी झाली.

मग पाणी साठवणाऱ्या परक्या झाडाने इथे कुठे बसावे? मांडू त्याचे उत्तर देतो. धार जिल्ह्यातल्या या गडावर गोरखचिंचेची प्रचंड झाडे आहेत. तिथे त्यांना ‘मांडव की इमली’ किंवा ‘खुरासानी इमली’ म्हणतात. झाड आफ्रिकेतले. कोरफड पानात पाणी साठवते, गोरखचिंच बुंध्यात. आणि ही झाडे वाढली आहेत ती कड्याजवळच्या खडकाळ, उताराच्या जागी, जिथे पावसाचे पाणी थांबत नाही. अंगणात कोरफडीसाठी असाच छोटा उतार करावा : जमिनीपासून वीतभर उंच वाफा, त्यात खाली विटांचे तुकडे, वर मुरूम आणि माती. पन्हाळीचे पाणी पडते ती जागा टाळावी.

मुरूम हा शब्द मुद्दाम वापरला. ऑनलाइन बागकामात परलाइट, प्यूमिस अशी आयात नावे फिरतात. धार-देवासला त्यांची गरज नाही. काळ्या मातीच्या थराखाली अर्धवट झिजलेला तोच बेसॉल्ट मुरमाच्या रूपात असतो आणि घराच्या पायासाठी तो ट्रॉलीने येतोच. कुंडीसाठी दोन भाग चाळलेला मुरूम किंवा जाड रेती, एक भाग माती, अर्धा भाग मुरलेले शेणखत पुरते. रेती बारीक असली तर ती मातीत बसून सिमेंट होते, जाडच घ्यावी.

४. आठ इंची कुंडीचा हिशेब

“पाणी किती घालायचे?” या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न सोडवू : पाऊस किती घालतो?

तोंडाशी आठ इंच, म्हणजे वीस सेंटिमीटर व्यासाची कुंडी घ्या. तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ साधारण ३१४ चौरस सेंटिमीटर. एखाद्या दिवशी ५० मिलिमीटर, म्हणजे पाच सेंटिमीटर पाऊस झाला, तर ३१४ गुणिले ५, म्हणजे सुमारे दीड लिटर पाणी एका दिवसात कुंडीत पडले. या भागात वर्षाचा पाऊस ढोबळ मानाने ८०० ते १,००० मिलिमीटर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ८०० धरले तरी चार महिन्यांत पंचवीस लिटर झाले. याच कुंडीला उन्हाळ्यात आठवड्याला अर्धा लिटर पुरते. चार महिन्यांचे आठ-नऊ लिटर होतात. म्हणजे उघड्यावरच्या कोरफडीला आभाळ गरजेच्या तिप्पट पाजते, आणि तेही हवेत दमटपणा असताना. शिवाय कोरफडीच्या पानांची ठेवण पन्हाळीसारखी असल्याने आजूबाजूचे थेंबही बुडाशी येतात.

तेव्हा पावसाळ्यात कुंडी सज्जाखाली सरकवावी आणि नळाचे पाणी जवळपास बंद करावे. दिवाळीपासून होळीपर्यंत दोन-तीन आठवड्यांनी एकदा. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा, संध्याकाळी. तारखेपेक्षा बोटावर विश्वास ठेवावा : दोन पेरे खोल माती कोरडी लागली तरच पाणी, आणि मग ते भोकातून निथळेपर्यंत. रोज घोटभर शिंपडणे सगळ्यांत वाईट, कारण त्याने वरचा थर सदा ओला राहतो आणि खालची मुळे तहानलेली. कुंडी खापराची उत्तम. तिच्या अंगातून ओल उडते. गुळगुळीत चिनी मातीचे, भोक नसलेले भांडे दिवाणखान्यात शोभते, पण कोरफड त्यात फार दिवस शोभत नाही.

देवासकरांना पाण्याच्या काटकसरीचे वेगळे व्याख्यान नको. एप्रिल १९९० मध्ये या शहराची तहान भागवायला इंदूरहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पुढे २००६ पासून जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी शेतातच हजारो तळी खोदली, तेव्हा चित्र पालटले. गच्चीवर आठवड्याला अर्ध्या लिटरवर भागवणारे झाड अशा गावात शहाणपणाचेच.

हिवाळ्याची एक गोष्ट राहिली. डिसेंबर-जानेवारीत माळव्यात एखाद्या रात्री पाला, म्हणजे गोठलेले दंव, पडतो, हरभरा आणि बटाटा करपतो. कोरफडीचे पान पाण्याने भरलेले असल्याने गोठण्याच्या थंडीत पेशी फुटतात आणि पान काळे, पिचपिचीत होते. अशा रात्री झाड छताखाली घ्यावे किंवा वर जुनी चादर टाकावी. त्या आठवड्यात पाणी तोडावे.

५. पानावरून निदान

पान पातळ, कडा आत वळलेल्या, पण कडक असेल तर तहान आहे. पान मऊ, पाणथळ, काचेसारखे पारदर्शक दिसत असेल तर मुळे कुजत आहेत. ही दोन लक्षणे लोक नेमकी उलटी वाचतात आणि कुजणाऱ्या झाडाला आणखी पाणी घालतात. कुजत असेल तर झाड उपटून काळी मुळे कापावीत, सावलीत तीन-चार दिवस सुकवावे, कोरड्या मुरमात लावावे आणि पहिले पाणी आठवड्याने द्यावे. चौकटीवर महिने काढणाऱ्या झाडाला चार दिवस म्हणजे काहीच नाही.

मे महिन्यात पाने विटकरी होतात, त्याने घाबरू नये. कडक उन्हापासून बचावासाठी झाड स्वतःच रंगद्रव्य तयार करते. सावली मिळाली की हिरवेपण परत येते. पाने लांबोडकी, फिकट, जमिनीकडे लोळणारी झाली तर उजेड कमी पडतो आहे. घरात ठेवलेली कोरफड एकदम गच्चीवर नेली तर होरपळते; आठ-दहा दिवसांत हळूहळू न्यावी. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कापडाने पुसून साबणाचे सौम्य पाणी फवारले की बहुधा भागते.

रोपवाटिकेत जाताना एक सूचना. पवारांच्या दोन पात्यांनी, म्हणजे शाखांनी, १७२८ मध्ये देवासला राज्य मांडल्यापासून मराठी घरे इथे आहेत आणि त्या घरांत तिला कोरफडच म्हणतात; पण माळ्याकडे हिंदी नावाने ‘ग्वारपाठा’ मागावा. शिवाय घायपात कोरफड म्हणून घरी येऊ देऊ नये. रुळांकडेने, बांधांवर लावलेली घायपात मेक्सिकोकडची, वेगळ्या कुळातली. तिच्या पानाच्या टोकाला दाभणासारखा काटा असतो, पान मोडले तर आत दोर निघतात, आणि रस कातडीला लागला तर आग होते. कोरफडीचे पान सहज तुटते आणि आत बुळबुळीत गर असतो.

६. पिवळा रस वेगळा, पांढरा गर वेगळा

कोरफडीच्या पानात दोन निरनिराळे पदार्थ असतात, आणि बहुतेक गैरसमज ते एकच समजल्याने होतात. सालीच्या लगेच खाली पिवळा, जहाल कडू रस वाहतो. त्यात अलोइन असते. मध्यभागी असतो तो पारदर्शक, जवळजवळ बेचव गर. पिवळा रस आटवून सुकवला की काळा बोळ होतो, जो सुजेवर लेप म्हणून आजीच्या बटव्यात असे. तोच रस पोटात गेला तर जोरदार रेच होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये विनाचिठ्ठी मिळणाऱ्या रेचकांतून कोरफड काढून टाकली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने संपूर्ण पानाचा अर्क ‘माणसात कर्करोगकारक असू शकेल’ अशा गटात घातला आहे. साल-रसासकट पान मिक्सरला लावून रोज पेलाभर पिण्याची फॅशन म्हणूनच धोक्याची. गरोदर बाईने तर ते घेऊच नये.

स्वच्छ गर काढणे अवघड नाही. किमान दोन-तीन वर्षांच्या झाडाचे सगळ्यांत बाहेरचे, बुडाकडचे पान कापावे. मधली पाने वाढीची असतात. कापलेली बाजू खाली करून पान पंधरा-वीस मिनिटे वाटीत उभे ठेवले की पिवळा रस गळून जातो. मग धुऊन, दोन्ही कडांचे काटे छाटून, वरची साल सुरीने सोलावी आणि निघालेला गर पुन्हा धुवावा. उन्हाने लाल झालेल्या त्वचेवर, किरकोळ भाजल्यावर तो थंडावा देतो. १९३५ मध्ये अमेरिकेत क्ष-किरणांनी भाजलेल्या कातडीवर ताजे पान वापरल्याचा अनुभव वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि आधुनिक वैद्यकाचे कुतूहल तिथून वाढले. खोल भाजले असेल तर मात्र डॉक्टरच. पहिल्यांदा लावताना मनगटावर ठिपका लावून दिवसभर थांबावे; काहींना पुरळ येते.

शेजारच्या राजस्थानात ग्वारपाठ्याची भाजी होते. सोललेले तुकडे मीठ-हळदीच्या पाण्यात उकळून पाणी टाकून द्यायचे, मग मेथीदाणे आणि बेदाण्यांबरोबर फोडणीला. कडूपणा बराचसा त्या टाकलेल्या पाण्याबरोबर जातो.

७. पिल्ले, फुले आणि भाऊबंद

कोरफडीला आपल्याकडे बी क्वचितच धरते. ती वाढते बुडातून फुटणाऱ्या पिल्लांनी, त्यामुळे गल्लीभरातल्या कोरफडी बहुधा एकाच आईची हुबेहूब नक्कल असतात. पिल्लू बोटभर उंच आणि स्वतःची मुळे असलेले झाले की सुटे करावे, दोन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी आणि लहान कुंडीत लावावे. मोठ्या कुंडीत न वापरलेली माती ओली राहते. नुसते पान मातीत खोचून झाड होत नाही, ते कुजते. पिल्ले वेगळी करायला फेब्रुवारी किंवा पाऊस सरल्यानंतरचा ऑक्टोबर बरा.

भरपूर ऊन मिळालेले तीन-चार वर्षांचे झाड थंडी सरताना हात-दीड हात उंच दांडा काढते आणि त्यावर पिवळी, नळीसारखी, खाली झुकलेली फुले खालून वर उमलत जातात. जांभळा शिंजीर त्यातल्या मधासाठी फेऱ्या मारतो. घरात कोपऱ्यात ठेवलेल्या कोरफडीला हे वैभव येत नाही, म्हणून पुष्कळांना आपल्या झाडाला फुले येतात हेच माहीत नसते. दांडा दिसू लागला की कुंडी हलवू नये. फुले सुकल्यावर तो बुडाशी कापावा.

एकदा हात बसला की भाऊबंदांकडे वळता येते. या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत, बहुतेक आफ्रिका, मादागास्कर आणि अरबस्तानातल्या. झुडपासारखी फांद्या फोडणारी ‘अर्बोरेसेन्स’ केशरी-लाल फुलांची असते आणि मोठ्या अंगणाला शोभते. पट्टेदार ‘टायगर’ मूठभर कुंडीत मावते, तिला दुपारची सावली लागते आणि पाणी आणखी कमी. रानातून ओरबाडून होणारी विक्री रोखण्यासाठी ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली कोरफडकुळातल्या सगळ्या जातींच्या परदेशी व्यापारावर बंधने आहेत. अपवाद फक्त आपल्या घरगुती कोरफडीचा. तेव्हा परदेशातून मागवलेली दुर्मिळ जात कुणी स्वस्तात देऊ केली तर आधी कागद विचारावेत, आणि इंदूर-देवासच्या रोपवाटिकेत वाढवलेले रोप असेल तर ते पावसाळा संपल्यावरच आणावे.